शेवटची खात्री कधी? – २०२१च्या यादीवाल्यांनो, इकडे या

कातरवेळ | १ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

गेल्या मंगळवारी रात्री माझ्या फोनवर एक मेलेला ग्रुप उठून बसला. नाव 'बेड-ऑक्सिजन पुणे ४'. (१, २ आणि ३ कुठे गेले कुणास ठाऊक.) जून २०२१नंतर तिथे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं, बाहेर पडायचा आळस केलेले सत्तरेक जण तसेच आत राहिलो होतो. आणि अचानक मेसेज: 'जीबीएस चिकनमधून पसरतोय, सिंहगड रोडवाल्यांनी पंधरा दिवस हातही लावू नका, डॉक्टर मित्राने सांगितलंय.' (जीबीएस म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम, हातापायातलं बळ घालवणारा मज्जातंतूंचा आजार.) मिनिटभरात तिघांची उत्तरं. 'कोणते डॉक्टर?' 'कधी सांगितलं?' 'तू स्वतः बोललास की पुढून आलंय?' पाठवणारा बिचारा गप्प. मला हसू आलं आणि पोटात कालवलंही.

आम्ही धायरीत राहतो. नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता याच पट्ट्यात पेशंट सापडताहेत, संशय पाण्यावर आहे, त्यामुळे सध्या गॅसवर कायम एक पातेलं पाण्याचं. पाणी उकळा, चिकन-अंडी पूर्ण शिजवा, पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं तर घरी वाट बघत बसू नका. जीबीएसबद्दल दुसरा धागा चालू आहे, बाकीचं तिथे बोला. मला इथे वेगळंच हवंय.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आपल्यातले कितीतरी जण रात्ररात्र फोन लावत बसले होते. त्यातलं काय कामी आलं, काय वाया गेलं, कशाने उलट घोळ वाढला, हे कुणी नीट लिहून ठेवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. सुरुवात मी करते.

आमची यादी १५ एप्रिलची. आदल्या रात्री आठपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागले होते. ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचा ऑक्सिजन ८८ आणि त्याच्याकडे चार ग्रुपांवरून आलेले बावीस नंबर. मी आणि माझ्या नणंदेने अकरा-अकरा वाटून घेतले. नऊ बंद, चार अस्तित्वातच नाहीत, पाच उचलेनात, एक भिवंडीचा कुरिअरवाला निघाला. उरलेल्या तिनांत एक बेड मिळाला. काका वाचले. पण त्या दीड तासात कळलं की बावीस नंबर हातात असलेला माणूस एकही नंबर नसलेल्यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

मग गूगल शीट काढली. नाव, भाग, नंबर, काय आहे, आणि सगळ्यात शेवटी 'शेवटची खात्री': तारीख, वेळ, फोन कुणी केला त्याचं आद्याक्षर. हा रकाना नणंदेचा. ती बँकेत आहे, वेळ न टाकलेली नोंद तिला दिसतच नाही. चार तास उलटले की ओळ पिवळी, आठ उलटले की लाल. लाल ओळ कुणालाही पाठवायची नाही, समोरचा कितीही रडो. यावरून आमची भांडणं झाली. 'निदान एक नंबर तरी दे गं, आशा तरी राहील त्यांना,' असं म्हणणारे होते. नणंद म्हणायची, आशेवर रिक्षा फिरवायला लागते, पहाटे तीनला, मागे धापा टाकणारा माणूस घेऊन.

फोनवर काय विचारायचं तेही शिकावं लागलं. 'बेड आहे का?' विचारलं की 'आहे' म्हणायचे, तिथे गेल्यावर कळायचं की साधा आहे, ऑक्सिजनचा नाही. 'पेशंटला घेऊन या, मग बघू' याचा अर्थ नाही. 'डॉक्टर राउंडला आलेत, तासाने करा' याचाही अर्थ बहुतेकदा नाहीच. शेवटी आमचं ठरलेलं वाक्य असं झालं: 'नमस्कार, मी नातेवाईक नाही, यादी करतेय. पाइपलाइनच्या ऑक्सिजनचा बेड या क्षणी रिकामा आहे का, एवढंच हो किंवा नाही सांगा.' नातेवाईक नाही म्हटल्यावर पलीकडच्या सिस्टरचा आवाज जरा सैल पडायचा. रडायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांनाही खरं बोलता येत असावं.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे सिलिंडरचं गणित. घरी ऑक्सिजन लावलेल्यांचा एकच प्रश्न: सकाळपर्यंत पुरेल का? मोठ्या जंबोत ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला ५ लिटर लावले तर तासाला ३००, म्हणजे साधारण तेवीस तास. लहान बी टाइपमध्ये १५००, म्हणजे पाच तास. हे भरलेल्या सिलिंडरचं. काटा अर्ध्यावर असेल तर निम्मं. हा हिशोब मी फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवला होता, कारण रात्री दोनला ७०००ला ३००ने भागता येत नाही. करून बघा.

आणि न उपयोगी? प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव. माझे निम्मे फोन प्लाझ्मासाठी गेले असतील. यावर डॉक्टर मंडळींनी बोलावं, मी आधी ऐकेन.

---

वाचनमात्र | १ फेब्रुवारी, रात्री १०:०५

+१. फ्रिजवरचा कागद आमच्याकडेही होता. त्याचा चिकटपट्टीचा डाग अजून आहे.

---

गोळीबंद | १ फेब्रुवारी, रात्री ११:३०

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. ताई, प्लाझ्मावर विचारलंत म्हणून.

आपल्याकडचाच अभ्यास होता, आयसीएमआरचा 'प्लॅसिड'. ३९ हॉस्पिटलं, ४६४ पेशंट. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू प्लाझ्माने थांबत नाही, असं त्यात दिसलं आणि ते ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आलं होतं. म्हणजे तुम्ही फोन लावायला लागण्याच्या सहा महिने आधी. पुढे मे २०२१मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत अकरा हजारांवर पेशंटमध्येही तेच आलं, आणि १७ मेला आपल्या सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा काढला. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी इंजेक्शनचंही तसंच. नोव्हेंबर २०२०मध्येच डब्ल्यूएचओने 'वापरू नका' असा सल्ला दिला होता. एप्रिलमध्ये त्याच्यासाठी माणसं कलेक्टर कचेरीबाहेर उन्हात उभी.

मग आम्ही लिहून का देत होतो? मी स्वतः दोनदा दिलं. पेशंट खालावतोय, पोरगा समोर उभा आहे, आणि बाकी सगळं देऊन झालंय. चिठ्ठी दिली की तो पोरगा धावायला लागतो. त्याला काहीतरी करायला मिळतं. आणि मलाही त्याच्या डोळ्यांसमोरून सुटका मिळते, हे आता लिहितो, तेव्हा कबूल केलं नसतं.

ज्याने खरंच माणसं वाचली ते स्वस्त होतं, म्हणून त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही. ऑक्सिजन लागायला लागल्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याआधी नाही! पहिल्याच दिवशी मेसेज वाचून स्टेरॉइड खाल्लेले, आणि मग शुगर चारशेवर गेलेले पेशंट मी पाहिलेत. दुसरं, पालथं झोपवणं. तिसरं, वेळेवर निघणं. त्याच्यासाठी सहा मिनिटांच्या चालण्यासारखं काही नाही. ऑक्सिमीटर लावून आकडा बघा, घरातच सपाटीवर सहा मिनिटं चाला, परत बघा. ९३च्या खाली गेला किंवा तीनने उतरला तर निघा. (साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं चालली तरी चालेल.) हे मी गावातल्या गणपती मंडळाच्या पोरांना शिकवलं होतं. त्यांनी घराबाहेर उभं राहून, घड्याळ लावून शंभरावर लोकांना चालवलं. एका घरी आकडा ७९ आला म्हणून धावत आले, बघतो तर बाईंच्या बोटाला मेंदी आणि हात बर्फासारखे गार. बोट चोळून परत लावलं, ९६.

---

पाणकावळा | २ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली असेल तर जरा दुसरी बाजू मांडतो. माझी बहीण नाशिकमध्ये एका खासगी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर होती. लँडलाइन एक, मोबाइल एक. एप्रिलमध्ये दिवसाला चारशेच्या आसपास फोन यायचे, असं ती सांगते, आणि त्यातले निम्मे तुमच्यासारखे 'फक्त खात्री करतोय' म्हणणारे. दहा ग्रुप, दहा याद्या, प्रत्येकाला स्वतःची खात्री हवी. खरा नातेवाईक फोन लावतोय तर एंगेज. तो फोन तुम्हीच अडवून ठेवलेला.

दुसरं. पेशंटचं नाव, वय, ऑक्सिजन, पत्ता, मुलीचा मोबाइल नंबर, सगळं ट्विटरवर उघडं. माझ्या ओळखीच्या एका मुलीला वडील गेल्यानंतरही दोन महिने फालतू मेसेज येत होते, कारण तिचा नंबर 'अर्जंट' म्हणून गावभर फिरलेला. कुणी खाली उतरवला का तो? पाठवणारे हजार, पुसणारा एक नाही.

---

कातरवेळ | २ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

पाणकावळा, दोन्ही खरं आहे. पहिल्याबद्दल: आम्हाला हे २५-२६ एप्रिलच्या सुमारास उमगलं, जेव्हा एक सिस्टर म्हणाल्या, 'मॅडम, सकाळपासून तुम्ही नवव्या. तुम्ही नऊ जणी एकमेकींना फोन का नाही करत?' मग आम्ही तेच केलं. पाच ग्रुपांनी हॉस्पिटलं वाटून घेतली, एका हॉस्पिटलला एकच माणूस, ठरलेल्या वेळी तीन फोन. मुंबईत चोवीस वॉर्डांच्या वॉररूममधून बेड मिळत होते तेव्हा हा प्रकार बराच कमी होता, असं तिथली भाची म्हणायची. इथे डॅशबोर्ड होता, पण त्यातला आकडा आणि दारावरचा आकडा यांची गाठ कधीमधीच पडायची.

दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही पुसलं नाही.

---

सिएटलची_सून | २ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

मी यादीतली रात्रपाळीवाली. तुमचे रात्रीचे दोन म्हणजे आमच्याकडे आदल्या दिवसाची दुपारची दीड. मुलांना ऑनलाइन शाळेसमोर बसवायचं आणि पहाटेपर्यंत (तुमच्या) फोन लावायचे. पहिले तीन दिवस कुणी उचलेचना. मग एका मेडिकलवाल्या काकांनी सांगितलं, 'ताई, +१ बघून फ्रॉड वाटतो हो.' त्यानंतर मी आधी मराठीत मेसेज टाकायचे, 'मी पुण्याचीच आहे, सदाशिव पेठेतली, आता फोन करते' आणि मग फोन. सदाशिव पेठ वाचून लोक फोन उचलतात हे मला पहिल्यांदाच कळलं :)

कॉन्सन्ट्रेटरबद्दल (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशिन) लिहिते, कारण त्यात आम्ही पैसे घालवले. इथून भावनेच्या भरात जे मिळेल ते उचललं. आमच्या गटाने पाठवलेल्यांतली सहा मशिन ११० व्होल्टची होती. भारतात २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय सॉकेटला जोडलं की संपलं. एक तसं संपलंही. बाकीची ट्रान्सफॉर्मर शोधेपर्यंत आठ दिवस खोक्यात पडून. शिवाय जिथे पाठवली त्या गावी दिवसातून पाच तास वीज नाही. पाठवण्याआधी तिथल्या माणसाला एक फोन केला असता तर कळलं असतं. दिवसाला साठ फोन करणाऱ्या बाईने तो एक केला नाही.

---

खवट_म्हातारा | २ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

तुम्हा पोरांना वाटतं हे सगळं तुमच्यापासून सुरू झालं. ज्या कायद्याखाली २०२०च्या मार्चमध्ये राज्याने सगळं बंद केलं तो साथरोग अधिनियम १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधला. तेव्हा पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, त्याचे सोजीर घरात घुसून तपासणी करायचे, त्यामुळे लोक पेशंट लपवायचे. माळ्यावर, धान्याच्या कोठीत. माझ्या आजीची आजी सांगायची, अशी घरातली कथा आहे. आणि त्याच साथीत हडपसरला मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या, आणि १० मार्च १८९७ला प्लेगनेच गेल्या.

दर वेळी भाषणात त्यांचा त्याग सांगतात. मला मात्र दर वेळी वाटतं, त्यांना त्या आधी हाफकिनची लस कुणी टोचली असती तर? जानेवारी १८९७मध्ये त्याने मुंबईत ती स्वतःला टोचून घेतली होती. पण ती पुण्यापर्यंत पोचायला अवधी होता. तुमच्या वेळी तर लस हाताशी होती, आणि स्मशानात काम करणारी पोरं पहिल्या डोसासाठी हेलपाटे घालत होती.

---

पाणकावळा | २ फेब्रुवारी, दुपारी १२:३५

काका, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाकी आजीची आजी धाग्यावर अवांतर.

---

खवट_म्हातारा | २ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

अवांतर तुम्ही. मी १८९७पासून विषयावरच आहे.

---

शाईपेन | २ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

कातरवेळचा 'शेवटची खात्री' रकाना वाचून एक जुनं पाप आठवलं. मी चित्रकार, लोकांसाठी पोस्टर करायचो. मार्च २०२१च्या शेवटी एक केलं: 'कोविशिल्डचा दुसरा डोस ६ ते ८ आठवड्यांनी'. तेव्हा बरोबर होतं, २२ मार्चलाच ४ ते ६चं ४ ते ८ झालं होतं, आणि त्यातही ६ ते ८मध्ये घेतलेला बरा असं सांगितलं होतं. पिवळी पार्श्वभूमी, मोठं अक्षर, आजीचं चित्र. गाजलं! १३ मेला अंतर १२ ते १६ आठवडे झालं. आणि माझी आजी फिरतच राहिली. जूनमध्ये माझ्याच सोसायटीतले एक गृहस्थ ते पोस्टर घेऊन केंद्रावरच्या सिस्टरशी वाद घालत होते, 'सरकारने छापलंय, हे बघा'. मी रांगेत त्यांच्या मागे चौथा. तोंड उघडलं नाही.

पोस्टरवर तारीखच नव्हती. तारखेने चित्र बिघडतं असं वाटलं होतं मला. नंतर प्रत्येक पोस्टरच्या डोक्यावर, खाली कोपऱ्यात नव्हे, मोठ्या अक्षरांत तारीख आणि 'यानंतर आठ दिवसांनी हे वापरू नका' असं टाकायला लागलो. ती पोस्टरं कमी फिरली, हेही सांगतो.

---

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री ८:५५

मी गटप्रवर्तक आहे, जव्हारकडच्या भागात. माझ्याखाली तेव्हा बावीस आशा (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) होत्या. इथे मोबाइलला रेंज डोंगरावर चढल्यावर, त्यामुळे यादी-शीट वगैरे आमच्याकडे नव्हतंच. आमच्याकडे पाय होते.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त सप्टेंबर २०२०पासून रोज पन्नास घरं एका पथकाला. एक आरोग्यवाली, दोन स्वयंसेवक. शहरात पन्नास घरं म्हणजे दोन इमारती. आमच्याकडे पन्नास घरं म्हणजे चार पाडे आणि मध्ये ओहोळ. स्वयंसेवक पोरं उत्साहात आली, तिसऱ्या दिवशी अर्धी गळाली. जी राहिली ती मात्र शेवटपर्यंत राहिली, हेही खरं.

शब्दांचं सांगते. वरून कागद यायचे: 'विलगीकरण', 'निर्जंतुकीकरण', 'सामाजिक अंतर राखा'. ते माझ्याच जिभेवर वळत नव्हते. 'सामाजिक अंतर' वाचून एका म्हाताऱ्याने विचारलं, 'ते तर आधीपास्नंच ठेवतात की आमच्याशी, आता नवीन काय?' मी त्यावर काय बोलणार. त्यानंतर आम्ही 'दोन हात लांब' म्हणायला लागलो. विलगीकरणाला 'वेगळं निजायचं'.

लशीच्या वेळी गाडी दिसली की लोक रानात. टोचल्यावर माणूस मरतो, पोरं होत नाहीत, असं पसरलेलं. साहेब लोक म्हणायचे, प्रबोधन करा. माइक लावून गाडी फिरवली, त्याने आणखी पळाले. मग माझ्या एका आशाने सांगितलं, 'ताई, हे घाबरतात ते मरणाला नाही, तापाला.' आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. लस घेतली, रात्री ताप आला, दोन दिवस भाताच्या खाचरात उतरता आलं नाही, तर मजुरी बुडाली आणि रोपं वाया. हे कुठल्याच कागदात नव्हतं. आम्ही कागदावरचं 'सुरक्षित आहे, काही होत नाही' म्हणायचो, आणि पहिल्याच बाईला रात्री फणफणून ताप आला. खोटारड्या ठरलो.

मग तीन गोष्टी बदलल्या. आवणी संपेपर्यंत जोर केला नाही. टोचण्याआधीच सांगायचं, 'उद्या ताप येईल, अंग दुखेल, या दोन गोळ्या, परवा उतरेल.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आशाने त्या घरी जायचं. ताप सांगितल्याप्रमाणे आला, सांगितल्याप्रमाणे उतरला, तेव्हा लोकांना बाकीचंही खरं वाटायला लागलं. ऑक्टोबरमध्ये लसीकरणाची 'कवच कुंडल' मोहीम आली तोवर आमच्या तीन पाड्यांत लोक स्वतः विचारत होते.

---

गोळीबंद | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

रानजाई, हा प्रतिसाद मी छापून दवाखान्यात लावतो. 'काही होत नाही' हे मीही किती वेळा म्हटलंय.

---

वाचनमात्र | २ फेब्रुवारी, रात्री ९:४१

इथे 'स्वयंसेवक' शब्दाबद्दल एक विचारू का? आशांना सरकारदरबारी 'स्वयंसेविका'च म्हणतात ना? म्हणजे पगार नाही, मोबदला.

---

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री १०:१०

हो. म्हणून तर जून २०२१मध्ये राज्यभरच्या आशांनी संप केला. आठवडाभराने मानधनात थोडी वाढ मिळाली आणि परत कामाला. आमच्यावर फुलं उधळली तेव्हा एक आशा म्हणाली होती, 'फुलं काय, मास्क द्या.' तिला मास्क मीच शिवून दिला, नवऱ्याच्या जुन्या शर्टाचा.

तुम्ही घरून फोन केलेत, ते काम होतंच, मी नाही म्हणत नाही. पण तुमचा ग्रुप जूनमध्ये बंद झाला. आमचा अजून चालू आहे. आज सकाळीच त्यावर गोवरच्या लसीची यादी आली.

---

कातरवेळ | २ फेब्रुवारी, रात्री १०:२५

वाचलं. दोनदा वाचलं.

---

फुकट_फौजदार | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

मी सहसा इथे वाचतो, लिहीत नाही. पण 'भिवंडीचा कुरिअरवाला निघाला' हे वाचून राहवलं नाही. मी तसलाच एक.

मी पिंपरीत राहतो, एसटीतून निवृत्त. भोसरीकडच्या एका सिलिंडर भरून देणाऱ्याच्या नंबरात शेवटी ९, माझ्या ६. कुणीतरी घाईत उतरवताना उलटा केला आणि तो पुण्यापासून पार लातूरपर्यंत गेला. २० एप्रिलला पहिला फोन, रात्री साडेबाराला. 'दादा, जंबो आहे का?' मला वाटलं, कुणी वडापाव मागतंय. दुसऱ्या दिवशी सत्तर फोन. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. बायको म्हणाली, बंद करून ठेवा. एक दुपार ठेवलाही. संध्याकाळी चालू केला तर एकशे चाळीस मिस्ड कॉल, आणि एका पोरीचा मेसेज, 'काका प्लीज उचला'. त्यानंतर बंद करायचं धाडस झालं नाही.

मग मी त्या भोसरीवाल्याचा खरा नंबर शोधला आणि दर एकाला सांगायला लागलो, 'शेवटी सहा नाही, नऊ.' पुढे त्याच्याशी ओळखच झाली. तो सकाळी मला फोन करून सांगायचा, आज प्लांटवरून किती येणार, किती वाजता येणार, रिकामा सिलिंडर आणि आधार कार्ड आणलं तरच मिळेल. ते मी पुढे सांगायचो. लोक अॅडव्हान्स किती पाठवू विचारायचे, मी ओरडायचो, 'एक रुपया कुणाला पाठवू नका, समोर जाऊन द्या.' कारण त्याच दिवसांत माझ्या मेहुण्याचे आठ हजार कुठल्याशा 'होम डिलिव्हरी'वाल्याने खाल्ले होते. साधारण २० मेपर्यंत चाललं. मग फोन कमी झाले. एक दिवस एकही आला नाही, तर मी उगाच बायकोला सांगितलं, माझ्या नंबरवर एक रिंग दे बरं.

एकच शंका आहे ताई. मी निदान पन्नास लोकांना सांगितलं होतं की यादीत दुरुस्ती करा, नऊ करा. तरी महिनाभर फोन थांबले नाहीत. तुमच्या यादीतही होतो का मी?

---

कातरवेळ | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

काका, थांबा. शीट अजून उघडते, बघते.

---

कातरवेळ | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

सापडलात. ओळ २१७. सगळी शीट लाल आहे, अर्थातच. तुमची ओळ तेवढी हिरवी ठेवली होती कुणीतरी, मुद्दाम रंग देऊन. शेवटची खात्री ११ मे, रात्री १:४०, आद्याक्षर माझ्या नणंदेचं. शेरा जसाच्या तसा उतरवते:

'नंबर चुकीचा आहे. पण गृहस्थ उचलतात, आणि बरोबर माहिती देतात. भोसरीवाला उचलत नाही. दुरुस्त करू नये.'

---

फुकट_फौजदार | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:३१

तरीच!